पाटी नसलेला कडा

बोयानाचा फोटो कुठेही टाकायचा नाही, हे नेवेनानं बाळंतपणाच्या खाटेवरूनच जाहीर केलं होतं. नवऱ्याला, कामेनला, त्याचं हसू यायचं. तो लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आज हंगेरी, उद्या जर्मनी, घरी कधीतरी.

"अगं, दोस्तांना तरी दाखवू दे माझी लेक. सगळे म्हणतात, तुला मुलगी झाली की नुसतीच अफवा उठवलीस?"

"दाखव की. तुझ्या फोनवर दाखव. फोन मात्र हातातून सोडायचा नाही."

एकदा चित्र बाहेर गेलं की ते कुणाकुणाच्या हातात जाईल, कोण कुठल्या नजरेनं बघेल, या नुसत्या विचारानंही तिची झोप उडायची. लेक झोपली की ती तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची. मग आपल्यालाच हसायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा बघायची.

आणि हीच बाई कड्यावरच्या पिल्लाच्या बाबतीत चुकली.

गोर्ना लिपा गावाच्या खाली आर्दा नदी वळण घेते, तिथं पलीकडच्या काठावर तो कडा. कड्यात एक कपार, कपारीत पांढऱ्या गिधाडांची जोडी. खोऱ्यात आधी अशा बऱ्याच जोड्या होत्या. लांडग्यांसाठी टाकलेलं विषारी मांस खाऊन काही गेल्या, विजेच्या तारांना चिकटून काही गेल्या, काही आफ्रिकेतून परत आल्याच नाहीत. आता ही एकच. नेवेना प्लोवदिवला जीवशास्त्र शिकलेली, लग्न होऊन या गावात आलेली. पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं या जोडीवर लक्ष ठेवायचं आणि तिचे फोटो काढायचं काम तिच्याकडे दिलं होतं. त्यासाठी सरकारी परवानगी होती, आणि परवानगीत अटी होत्या. फोटो नदीच्या अलीकडून काढायचा, झोपडीतूनच. अंडी घालायच्या दिवसांत कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. पक्षी मान वर करून बघायला लागला की उठायचं. नेवेना अटीपेक्षाही लांब बसायची. बोयानाला पाठीशी बांधून, स्वतः जवळजवळ श्वास रोखून.

झोपडीत तिच्या जोडीला रेमझी आगा असायचा. पन्नाशी उलटलेला, तंबाखूची शेती सोडून राखणदार झालेला.

"तुझ्या त्या नळकांड्यातून माझं घर दिसतं का बघ बरं," तो म्हणायचा. "चुलीवर आज पण घेवडाच असेल तर मी रात्री इथंच झोपतो."

"वहिनींना सांगू का?"

"सांग. मग रात्री तूही इथंच झोप, मला सोबत होईल. ती आपल्या दोघांनाही घरात घेणार नाही, तुला आणि मला."

गावातली जुनी माणसं या पक्ष्याला कोकिळेचा घोडा म्हणतात. वसंतात कोकिळा त्याच्या पाठीवर बसून समुद्रापलीकडून येते, अशी समजूत. नेवेनाचा सासरा स्लाव्चो त्या समजुतीला अजून धरून होता. मेंढ्या व्यायला आल्या की आचळांभोवतीची आणि शेपटीकडची लोकर कापावी लागते. बाकीची घरं ती घाण लोकर जाळून टाकत. स्लाव्चो मात्र ती धुऊन, पिंजून, टेकडीच्या टोकावरच्या सपाट खडकावर नेऊन ठेवायचा. घोडा दमून येतो, त्याला अंथरूण नको का? आणि खरंच, काही दिवसांत खडक साफ झालेला असायचा. पांढरं गिधाड घरट्यात लोकर अंथरतं हे नेवेना पुस्तकात शिकली होती. ती लोकर आपल्याच अंगणातून जाते हे बघून तिला या घरात आल्याचं पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

स्लाव्चोच्या मेंढ्या लांबून ओळखू यायच्या. गावात प्रत्येक घराची खूण वेगळी, पण बाकी सगळे दुकानातला लाल नाहीतर हिरवा रंग फवारत. स्लाव्चो द्राक्षांसाठी आणलेलं मोरचूद घ्यायचा, त्यात तेल आणि चुलीची राख घालून स्वतःच्या हातानं खलायचा आणि मेंढीच्या पुठ्ठ्यावर मोठा ठिपका द्यायचा. धड निळा नाही, धड हिरवा नाही, असा तो रंग साऱ्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. कितीही धुतला तरी जायचा नाही.

जूनमध्ये अंडं फुटलं. नेवेनानं दुर्बिणीतून पिल्लाची चोच बघितली आणि रेमझीचा दंड इतका घट्ट धरला की तो म्हणाला, "सोड, बाई, मी काही उडून जात नाही." काही दिवसांनी तिला तो फोटो मिळाला. मादी कपारीच्या तोंडाशी पंख सैल सोडून उभी आहे, ऊन अडवते आहे, आणि तिच्या पोटाखालून, लोकरीच्या अंथरुणावरून पिल्लू मान काढून वर बघतं आहे.

संस्थेच्या प्रमुख इलियानाबाई राजधानीत, सोफियाला असत. त्यांचा फोन आला तेव्हा नेवेना बोयानाला सफरचंदाचा गर भरवत होती.

"नेवेना, हा फोटो आपण आत्ताच लोकांना दाखवायचा."

"पिल्लू उडेपर्यंत नाही ना दाखवायचा? आपलाच नियम आहे."

"नियम मीच लिहिलाय, मला ठाऊक आहे. पण दरवेळी आपण लोकांना काय पाठवतो? विष खाऊन मेलं, तारेला लागून मेलं. माणसं कंटाळली गं. आता माझं पत्र उघडतसुद्धा नाहीत. एकदा तरी त्यांना काहीतरी जिवंत दाखवू दे." मग त्या म्हणाल्या, "खडक दिसणार नाही असा काप. तुला ठीक वाटला तरच टाकू. तू ठीक म्हणालीस की मला काळजी नाही."

नेवेनानं दोन दिवस तो फोटो तपासला. दुकानातल्या बाळाच्या खाण्यावरचं बारीक अक्षर वाचते तशी तिनं त्याची कड न् कड वाचली. खडक कापून टाकला. कपारीवरचं अंजिराचं झुडूप कापलं. फोटोला चिकटलेली तारीख, वेळ, जागा सगळं पुसलं. उरली फक्त आई, पिल्लू आणि अंथरूण. तिनं ठीक आहे म्हणून कळवलं. खोटं कशाला बोला, तिला अभिमानही वाटला होता. आपलं काम एवढ्या लोकांना दिसणार.

फोटो संस्थेच्या पानावर गेला आणि लोक वेड्यासारखे खूश झाले. कुणी हृदयं पाठवली, कुणी प्रार्थना. दुसऱ्या दिवशी सकाळी बोयाना दूध पीत असताना नेवेना एका हातानं ते वाचत होती. मध्येच एक ओळ आली. गावातला झिव्को, आता स्पेनमध्ये संत्री तोडायला गेलेला, त्यानं लिहिलं होतं:

"अरे, हा तर आमच्या स्लाव्चोकाकांचा निळा! गोर्ना लिपा, सलाम! डोळ्यांत पाणी आलं, देवाशपथ."

नेवेनानं फोटो मोठा करून बघितला. पिल्लाच्या गळ्याखाली लोकरीचा एक पुंजका, बोटभर, मोरचुदी. रोज सकाळी अंगणात, कुंपणाच्या तारेवर, स्वतःच्या स्वेटरच्या कोपरावर तो रंग ती बघत आली होती. बघून बघून तो तिला दिसेनासा झाला होता. बोयाना रडायला लागली तेव्हा तिला कळलं की आपण तिला घट्ट आवळलंय.

इलियानाबाईंनी फोटो तिथल्या तिथं काढून टाकला. "एवढं कोण वाचतंय, नेवेना? हजारो लोक लिहितात. मनाला लावून घेऊ नकोस."

स्लाव्चो अंगणात कोयता परजत होता. तिनं सांगितलं तसा तो उभाच राहिला.

"कोण, झिव्को? स्तोयानचा झिव्को? माझा निळा ओळखला त्यानं? तिथून, स्पेनमधून?" त्याचे डोळे भरून आले. "लहानपणी माझीच द्राक्षं चोरायचा गधडा."

"ताते, माझं ऐका. कुणी अनोळखी आलं, विचारायला लागलं, तर तुमचं नाव सांगू नका."

"माझं नाव? पोरी, मी काय कुणाचं घर लुटलंय, नाव लपवायला?"

तो नाराज झाला नव्हता, त्याला गंमत वाटत होती. आपण कशाला घाबरतोय हे तिला त्याला धड समजावताही येईना. ती उठता-बसता घाबरते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एखादी खरी भीती त्या ढिगातून वेगळी काढून कशी दाखवायची?

शनिवारी बोयानाची लस होती. जावं की न जावं, असं तिचं दोन दिवस चाललं होतं. शेवटी रेमझीनंच तिला हुसकलं. "जा गं. पोरीची लस चुकवून तू इथं बसलीस तर गिधाडंसुद्धा तुला नावं ठेवतील. मी आहे ना."

तालुक्याहून परतली तेव्हा दुपार कलायला लागली होती. चौकात लिंडनच्या झाडाखाली तीन गाड्या उभ्या होत्या, सोफियाच्या नंबराच्या. घराच्या मांडवाखाली मेजावर चीज, टोमॅटो, राकिया दारूचे रिकामे पेले. स्लाव्चो खुशीत होता.

"पाहुणे येऊन गेले. पार नाव घेऊन विचारत आले, निळ्या मेंढ्यांचे स्लाव्चो कुठं राहतात म्हणून. नाव घेऊन दारात आलेल्याला काय परत पाठवू? चांगली माणसं. त्यातला एक दातांचा डॉक्टर आहे. माझी दाढ बघितली त्यानं फुकटात."

"ताते, कुठं गेले ते?"

"घरट्याचं मी अक्षर काढलं नाही हं! तू सांगितलं होतंस. त्यांनी विचारलं, लोकर कुठं ठेवता, तर तो खडक दाखवला. खडकात काय आहे? खडक तो खडक."

त्या खडकावर उभं राहिलं की समोरचा सगळा कडा दिसतो. कपारीखालून गिधाडांच्या विष्ठेची पांढरी रेघ उतरलेली आहे, चुन्यानं ओढल्यासारखी. ज्याला पक्षी कळतात त्याला आणखी काही सांगावं लागत नाही.

तिनं बोयानाला सासऱ्याच्या हातात दिलं. एरवी देताना मान धरा, टोपी काढू नका, कुत्र्याला जवळ येऊ देऊ नका, असं शंभरदा सांगायची. आज काहीच बोलली नाही.

पुलाशी रेमझी भेटला, घामानं निथळत होता.

"मागच्या वाटेनं गेले. कपारीच्या शेजारी खडकाचा सज्जा आहे ना, त्यावर तंबू ठोकलाय. सांगून सांगून घसा बसला माझा. म्हणतात, तुम्ही कोण? मी म्हटलं, राखणदार. म्हणतात, मग राखा. दोनदा रेंजसाठी टेकडीवर चढून वनखात्याला फोन केला. त्यांची गाडी दुसरीकडे गेलीय, संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणाले. मला हात लावायचा अधिकार नाही, नेवेना. नाहीतर एकेकाला नदीत..."

"कधी गेले?"

त्यानं मान खाली घातली. "सकाळी. तू गेल्यावर लगेच, कपारीत ऊन यायच्या आधी."

वर आभाळात दोन्ही गिधाडं फिरत होती. मादीच्या चोचीत काहीतरी लोंबत होतं. ती कड्याकडे वळायची, जवळ यायची आणि पुन्हा निघून जायची. ऊन आता सरळ कपारीत शिरलं होतं.

ओरडावं तर पक्षी आणखी लांब जातील. नेवेना दगडी वाटेनं चढून त्या सज्ज्यावर गेली. ती स्वतः इथं कधी आली नव्हती, परवानगीच नव्हती. तंबू खरोखर बेमालूम होता, पानांच्या रंगाचा. त्यातून लांब भिंगं बाहेर आलेली. तिनं कापड बाजूला केलं आणि मग सगळं भांडण कुजबुजत झालं.

"बाहेर या. आत्ताच्या आत्ता."

"श्श्," आतला पिकल्या दाढीचा माणूस म्हणाला. "मादी येतेय."

"ती येत नाहीये. तुम्ही आहात म्हणून येत नाहीये."

"बाई, आम्ही सकाळपासून हललोसुद्धा नाही. खोकला आला तर उशीत खोकलोय. आम्ही काय शिकारी आहोत? आमचं प्रेम आहे पक्ष्यांवर."

"पिल्लू उन्हात आहे. त्याच्यावर सावली धरायला आई लागते. उठा."

"आणि मनाई आहे तर पाटी कुठंय? आम्ही सगळी वाट बघत आलो. एक पाटी नाही."

"पाटी लावली तर घरटं कुठं आहे ते सगळ्यांना कळेल."

"मग इथं मनाई आहे हे मला कसं कळावं?"

"घरटं दिसलं तिथं मनाई सुरू होते," ती म्हणाली. "तुम्हाला दिसलं होतं. तुम्ही तेच शोधत आला होतात."

"तुमच्यासारख्यांना परवानगी मिळते, आम्हाला नाही. फरक तेवढाच," तंबूतला दुसरा पुटपुटला. पण दाढीवाला तिच्याकडे बघत राहिला होता. मग त्याचा चेहरा खुलला.

"म्हणजे तुम्हीच त्या? तो फोटो काढणाऱ्या?" त्यानं खिशातून फोन काढला. तिचा फोटो त्यानं जपून ठेवला होता. पानावरून काढायच्या आधीच. "माझी बायको हा बघून रडली. खरं सांगतो. मला असा एक हवा होता, बस. एकच."

नेवेनाला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच क्षणी लक्षात आलं की तो खरं बोलतोय.

ते उठले. आवाज न करता आवरायला त्यांना बराच वेळ लागला. जाताना त्या दाढीवाल्या दातांच्या डॉक्टरनं पाण्याच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा गोळा करून नेल्या. खाली खात्याचा माणूस, वेल्कोव, नुकताच पोचला होता. त्यानं त्यांची नावं लिहून घेतली, कॅमेऱ्यातली कार्डं ताब्यात घेतली. डॉक्टरनं वाद घातला नाही. "पिल्लू ठीक असेल ना?" असं मात्र त्यानं तीनतीनदा विचारलं.

नेवेना झोपडीत येऊन दुर्बिणीला डोळा लावून बसली. मादी कपारीत उतरली तेव्हा उजेड संपत आला होता. आणलेलं मांस तिनं पुढ्यात ठेवलं, मान वाकवली, थांबली. पुन्हा वाकवली. पिल्लू वर आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही ती तशीच उभी होती, पंख सैल सोडून, ऊन अडवत. रेमझीनं एकदा दुर्बिणीतून बघितलं आणि मग झोपडीच्या बाहेर जाऊन बसला. त्या दिवशी तो घेवड्याचं काही बोलला नाही. मग एका सकाळी दोन्ही पक्षी उंच गेले, कड्यावर एक फेरी मारली आणि दक्षिणेकडे निघून गेले. इतक्या लवकर ते कधीच जात नाहीत.

घरी स्लाव्चो जेवेना. बोयानाला मांडीवर घेऊन तो ओसरीत बसून राहायचा.

"पोरी, मी त्यांना घरात घेतलं म्हणून झालं का हे?"

"नाही, ताते."

"मग मी लोकर ठेवली म्हणून?"

"नाही हो. फोटो माझा होता."

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं, आता रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. "तू तर किती जपतेस," तो म्हणाला. "तुझ्याइतकं जपणारं कोण आहे या गावात?" ते ऐकून तिला ओसरीत उभं राहवेना. ती आत गेली आणि भांडी घासलेली होती ती पुन्हा घासत राहिली.

पुढच्या आठवड्यात वेल्कोव दोर आणि एक गिर्यारोहक घेऊन आला. चांगला माणूस होता. आल्याआल्या टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

"खटला भरायचाय त्या डॉक्टरवर. पण नुसत्या तंबूवर दंड होईल किरकोळ. पिल्लू त्यामुळेच मेलं, हे दाखवायला घरट्यातला फोटो लागेल. आहे त्या जागी, हात न लावता. नाहीतर वकील म्हणेल, मेलं कशावरून?"

"मला तर नदीच्या अलीकडची परवानगी आहे," नेवेना म्हणाली.

"आता परवानगी नाही लागत. जोडी गेली म्हणजे घरटं रिकामं. रिकाम्या घरट्याला अट नाही, कितीही जवळ जा." बोलून गेल्यावर तो ओशाळला आणि दोराकडे बघायला लागला.

"आणि रिकामं लिहिलंत की राखण उठते," रेमझी म्हणाला.

"कागदावर उठते. तुम्हाला दुसऱ्या कड्यावर देतील."

"दुसऱ्या कड्यावर काय राखू? दगड?"

वेल्कोव दोर उलगडायला लागला.

"आणि नाही लिहिलंत तर?" नेवेनानं विचारलं.

"तर फोटो नाही, फोटो नाही तर खटला नाही. उद्या दुसरे येतील, दुसऱ्या कुठल्यातरी खोऱ्यात. एवढ्यावर सुटता येतं हे त्यांना कळेल." त्यानं डोकं खाजवलं. "खरं सांगू? खटल्याची तारीखही लवकर लागणार नाही. आणि लागली तरी सगळा दोष त्याच्यावर येईल असं मला वाटत नाही. फोटो कुणी टाकला, हे त्याचा वकील विचारणारच. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो."

"विचारू दे," ती म्हणाली.

तिनं कमरेला पट्टा बांधून घेतला. गिर्यारोहकानं गाठी ओढून बघितल्या आणि तिला कड्यावरून खाली सोडलं. इतकी वर्षं ती कपार तिनं नदीपलीकडून पाहिली होती. तिला वाटायची त्यापेक्षा ती फार लहान होती, जेमतेम न्हाणीएवढी. हाडं, कासवाची रिकामी पाठ, वाळलेल्या मांसाचा दर्प. पिल्लू पोटावर पडलं होतं, तोंड आतल्या भिंतीकडे करून. सावली सगळ्यात शेवटी तिथं उरली असणार, म्हणून ते तिकडे सरपटलं होतं.

सवयीनं ती पाठ कपारीच्या तोंडाशी खडकाला टेकवून, जमेल तितकी लांब बसली आणि तिथूनच काढायला लागली.

"आलं का?" वरून वेल्कोवचा आवाज.

"आलं."

"चोच दिसायला हवी. पाय पण. जवळून घ्या."

ती गुडघ्यांवर पुढे सरकली.

"अजून जवळून," वरून आवाज आला. आणि ती आणखी पुढे सरकली.